छापील किमतीच्या वर गेलेली बोली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीला भाचरांना काय द्यायचं, या प्रश्नाला अलीकडं बऱ्याच घरांत 'गिफ्ट कार्ड' हे उत्तर मिळतं. मापाचा घोळ नाही, पार्सलचा हेलपाटा नाही. मोबाइलवर कोड पाठवला की भाऊबीज पोचली. गेम खेळणारी पोरं तर वर्षभर रिडीम कोडच्याच मागं असतात. ही कार्डं दुकानात किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर सरळ मिळतात, तशी ती लिलावातही निघतात. परदेशी लिलाव संकेतस्थळांवर तर निघतातच, आपल्याकडं व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामच्या गटांतही 'बोली लावा' म्हणून टाकली जातात. त्या बोलीत २,००० रुपयांचं कार्ड २,१०० ला जातं, वर टपाल आणि शुल्क धरून २,२०० ला पडतं. कार्डावर किंमत ठळक छापलेली असताना माणूस तिच्या वर पैसे का मोजतो आणि ते टाळायचं कसं, यासाठी हे पत्र. थोडं लांबलंय, पण आकडे मांडल्याशिवाय यातली गोम ध्यानात येत नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. अमेरिकेत ईबे या लिलाव संकेतस्थळावर अ‍ॅमेझॉनच्या गिफ्ट सर्टिफिकेटांचे जे लिलाव झाले, त्यांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दर दहा लिलावांतल्या चाराहून अधिक लिलावांत शेवटची बोली छापील रकमेच्या वर गेलेली होती. तेवढीच रक्कम भरून तेच सर्टिफिकेट अ‍ॅमेझॉनकडून घरबसल्या थेट मिळत होतं. त्याच वर्षी उल्रिके मालमेंडियर आणि यंग हान ली यांनी ईबेवरच्या एका बोर्ड गेमच्या लिलावांचा हिशेब मांडला. तोच खेळ तिथंच ठरावीक किमतीला विकायला असूनही ४२ टक्के लिलाव त्या किमतीच्या वर संपले. मात्र त्या किमतीच्या वर बोली लावणारी माणसं शंभरात १७ च निघाली. या १७ कडं मी पुढं परत येणार आहे, कारण सगळी किल्ली तिथं आहे.

जुनं कपाट, चित्र, जमिनीचा तुकडा यांच्या बोलीत 'खरी किंमत किती' यावर वाद घालता येतो. जादा दिलं असं म्हणायला गेलं तर घेणारा म्हणतो, मला तेवढ्याचं वाटलं. गिफ्ट कार्डात तो वाद संपतो. म्हणूनच बोली माणसाला काय करते हे बघायला कार्डासारखी दुसरी वस्तू नाही.

आपल्या कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा डोळ्यांसमोर आणा. खरेदीदार रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, खडा मोडतो, रंग बघतो, कण बघतो. कालचा भाव त्याला पाठ असतो, आणि गुजरातच्या पेठेत हा माल कितीला खपेल तेही. बोली सुरू व्हायच्या आधीच क्विंटलमागं कुठं थांबायचं हे त्यानं ठरवलेलं असतं. त्याच्या वर कोणी गेलं की तो शांतपणे पुढच्या थप्पीकडं सरकतो, कारण पुढची थप्पी त्याला समोर दिसत असते. पाडव्याच्या मुहूर्ताला चढा भाव निघतो, पण तो शकुनाचा भाव आहे हे साऱ्या यार्डाला ठाऊक असतं. गणेश मंडळाच्या नारळाची बोली हजारांत जाते, तेव्हा बोली लावणारा नारळ विकत घेत नसतो, मंडळाला देणगी देत असतो. लिलाव भिशीत २० जणांनी ५,००० प्रमाणे जमवलेले १ लाख रुपये एखादा ८५,००० लाच उचलतो, कारण त्याच्या घरात लग्न किंवा दवाखाना निघालेला असतो. सोडलेले १५,००० ही आज पैसे हातात पडण्याची किंमत असते. यातला कोणीही फसलेला नाही. जादा पैसे कशासाठी गेले ते त्यातल्या प्रत्येकाला सांगता येतं. कार्डाच्या बोलीत २०० रुपये जादा देणाऱ्याला ते सांगता येत नाही, आणि हीच गोष्ट मला अस्वस्थ करते.

पहिली चूक बोलीच्या आधीच झालेली असते. २,००० चं कार्ड म्हणजे २,००० रुपये, असं आपण धरून चालतो. नोट कुठल्याही दुकानात चालते, कार्ड ठरलेल्या ठिकाणीच चालतं. रिझर्व्ह बँकेच्या २७ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांप्रमाणे बँका आणि परवानाधारक कंपन्या जी भेट-कार्डं काढतात, त्यांची कमाल रक्कम १०,००० रुपये, मुदत किमान एक वर्ष. त्यांत पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यांतले पैसे रोख काढता किंवा दुसऱ्याच्या खात्यात पाठवता येत नाहीत. एखाद्या ब्रँडनं फक्त स्वतःच्याच दुकानांपुरतं काढलेलं कार्ड तर या निर्देशांच्या कक्षेतच येत नाही. तिथं मुदत आणि अटी त्या कंपनीच्या. १,९४० ची वस्तू घेतली तर उरलेले ६० बऱ्याचदा तसेच पडून राहून मुदतीत बुडतात. घेतलेली वस्तू परत केली तर पैसे साधारणपणे कार्डात किंवा त्यांच्या वॉलेटमध्ये परत येतात, बँकेत नाही. म्हणजे २,००० चं कार्ड रोख २,००० रुपयांपेक्षा नेहमी थोडं कमीच मोलाचं. म्हणूनच साध्या फेरविक्रीत, जिथं बोली नसते तिथं, ही कार्डं छापील किमतीच्या खाली विकली जातात. बोली लागली की मात्र तीच वस्तू छापील किमतीच्या वर चढते.

मग बोलीत कुठवर जावं? उदाहरणादाखल हिशेब करू. कार्ड २,००० चं. तेच कार्ड एखाद्या बँकेच्या ऑफरमध्ये किंवा पेमेंट अ‍ॅपवर ३ टक्के सवलतीत मिळतंय असं धरा: १,९४०. अनोळखी विक्रेत्याचा कोड चालला नाही असं वीसात एकदा होईल असं धरलं, तर ५ टक्के आणखी वजा: १,८४३. शेवटी पडून राहणारी शिल्लक ४० रुपये: १,८०३. हे झालं तुमच्या खिशातून जायची एकूण रक्कम. आता यातून टपालाचे ६० काढा, १,७४३ उरले. पैसे भरताना २ टक्के शुल्क लागत असेल तर १,७४३ ला १.०२ नं भागा. उत्तर येतं १,७०८. या कार्डाला १,७०८ च्या वर एक रुपयाही बोलायचा नाही. तुमचे टक्के वेगळे असतील, पण हिशेबाची वाट हीच: आधी थेट कितीला मिळतंय, मग जोखीम, मग पडीक शिल्लक, आणि सगळ्यात शेवटी टपाल व शुल्क. लोक हा हिशेब उलटा करतात. आधी बोली जिंकतात, टपाल नंतर दिसतं.

टपालाकडं दुर्लक्ष होतं हेही तपासून झालेलं आहे. तन्जीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ईबेवर गाण्यांच्या सीडी आणि व्हिडिओ गेम विकले. एका तऱ्हेत सुरुवातीची बोली ४ डॉलर आणि टपाल फुकट. दुसऱ्या तऱ्हेत सुरुवात १ सेंट आणि टपाल ३.९९ डॉलर. खरेदीदाराच्या दृष्टीनं दोन्ही एकच. तरीही दुसऱ्या तऱ्हेत बोलीदार जास्त आले आणि सीडींना एकूण पैसेही जास्त मिळाले. आपल्याकडं '१ रुपयापासून बोली' असं लिहिलेलं दिसलं की हेच समजावं. १ रुपया ही सवलत नाही, गर्दी जमवायची युक्ती आहे. स्वस्तात सुरुवात झाली की पाच-दहा माणसं सहज एकेक बोली टाकून जातात, त्यांना नंतर 'तुमच्या वर बोली लागली' असे निरोप जात राहतात, आणि त्यांतले काही परत येतात.

आता पडद्यावर नेमकं काय होतं ते जवळून बघू. समजा रात्रीचे पावणेदहा, लिलाव दहाला संपणार, बोलीची पायरी २५ रुपयांची. कार्ड २,००० चं, भाव आत्ता १,४५०. इचलकरंजीच्या एकानं आधीच १,६०० ही आपली कमाल रक्कम यंत्रात भरून ठेवलीय. यंत्र त्याच्या वतीनं लागेल तेवढंच वर जातं. राजारामपुरीतला दुसरा १,५०० टाकतो. पडदा लगेच म्हणतो, तुमच्या वर बोली आहे, भाव १,५२५. तो १,५५० टाकतो; भाव १,५७५, पुन्हा इचलकरंजीचाच पुढं. १,६०० टाकतो, बरोबरी झाली, आणि बरोबरीत आधी भरणारा पुढं. १,६२५ टाकतो, आणि आता पडद्यावर हिरव्या अक्षरांत येतं, 'तुम्ही आघाडीवर आहात.' त्या क्षणी काहीतरी बदलतं. कार्ड अजून कोणाचंच नाही, पण त्याला ते आपलं झाल्यासारखं वाटतं. दहा मिनिटांनी इचलकरंजीहून १,६५० येतात. आता नवीन वस्तू मिळवण्यापेक्षा, 'आपली' वस्तू दुसरा घेऊन चाललाय ही टोचणी मोठी होते.

इथून पुढं दोघांपैकी कोणीही २,००० या आकड्याकडं बघत नाही. दोघंही फक्त शेवटच्या बोलीकडं बघतात, आणि तिथून पुढची पायरी नेहमी २५ रुपयांचीच असते. १,९५० ला खरं तर थांबायला हवं होतं, कारण टपालाचे ६० धरले तर २,०१० झाले. पण पडद्यावर १,९५० च लिहिलेलं असतं. २,००० वर आल्यावर वाटतं, फक्त २५ नी काय होतंय. दहा वाजायला काही सेकंद असताना भाव २,१०० वर थांबतो. त्यावर २ टक्के ४२, टपाल ६०. एकूण २,२०२. छापील किमतीच्या १० टक्के वर, आणि कार्ड तेच, जे त्याच रात्री कंपनीच्या अ‍ॅपवर २,००० ला मिळत होतं.

यात दोष एकट्या बोलीदाराचा नाही. घड्याळ उलटं धावतंय, 'एवढे जण बघत आहेत' असा आकडा लुकलुकतोय, आणि छापील किंमत वरती फोटोत गेलीय, बोलीच्या बटणापासून लांब. ईबेसारख्या ठिकाणी वेळ ठरलेली असते, त्यामुळं लोक अगदी शेवटच्या सेकंदाला बोली टाकतात. पूर्वी अ‍ॅमेझॉनचेही लिलाव चालत. तिथं शेवटी बोली आली की वेळ १० मिनिटांनी वाढायची. अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकनफेल्स यांनी २००२ च्या अभ्यासात दोन्हींची तुलना केली, तेव्हा शेवटच्या क्षणीची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त आढळली. वेळ वाढवणाऱ्या लिलावात मात्र दुसरा धोका असतो: दोन हट्टी माणसं भेटली तर ते संपतच नाही.

आता त्या १७ कडं येतो. शंभरातले ८३ जण शहाणे असताना लिलाव फुगतो कसा? कारण लिलाव सरासरी माणसाला विचारत नाही. भाव ठरायला सगळ्यांत वरचे दोघं पुरतात. पहिला जिंकतो, आणि त्यानं किती द्यायचे ते दुसरा ठरवतो. बोलीदार शंभरातल्या कोणत्याही लोकांमधून आले असं धरून साधं गणित करा. पाच बोलीदारांत छापील किमतीच्या वर जाणारे किमान दोघं सापडायची शक्यता साधारण २० टक्के. दहा बोलीदारांत ती ५३ टक्के होते. वीस बोलीदार असतील तर ८८ टक्के. म्हणजे ज्या लिलावाला गर्दी जास्त, तिथं कार्ड स्वस्तात मिळायची आशा जवळजवळ नाहीच. आपण गर्दी बघून उलटं समजतो, की एवढे लोक बोलतायत म्हणजे काहीतरी फायद्याचं असणार. बोलीदारांचा आकडा बाराच्या वर गेला असेल तर ती खिडकी बंद करावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

सगळेच जादा देणारे चुकतात असंही नाही, हे न्यायानं सांगायला हवं. काही कार्डं त्या त्या देशापुरतीच चालतात. गेमच्या दुकानात अमेरिकेचं खातं असलेल्या मुलाला इथलं कार्ड उपयोगाचं नाही. त्याला तिथलंच कार्ड हवं, आणि परदेशी दुकान त्याचं इथलं बँक कार्ड घेत नाही, तर वरचे ५-७ टक्के हा त्या अडचणीवर मात करायचा खर्च आहे. क्रेडिट कार्डावर खर्चाचं ठरावीक उद्दिष्ट पूर्ण करायचंय, किंवा लिलाव संकेतस्थळाचंच सवलत कूपन हातात आहे, तर छापील किमतीच्या वरची बोलीही पदरात फायदा टाकू शकते. चित्रांची कार्डं जमवणारे संग्राहक तर शिल्लक शून्य असलेलं कार्डही घेतात. यातलं काही आपल्याला लागू पडत असेल तर रुपयांत मांडून बघावं. लागू पडत नसेल, तर दुसऱ्याचा भाव आपल्या कामाचा नाही.

बोली छापील किमतीच्या वर जाण्याचं दुसरं कारण काळजीचं आहे. चोरलेल्या क्रेडिट कार्डावर खरेदी करणाऱ्याला २,००० चं गिफ्ट कार्ड २,४०० ला पडलं तरी परवडतं, कारण पैसे त्याचे नाहीतच; त्याला फक्त चोरीच्या पैशाचं रूप बदलायचं असतं. अशा बोलींमुळं 'या कार्डाचा चालू भाव' म्हणून जो आकडा दिसतो तो मुळातच नासलेला असू शकतो. इथं विक्रेताही अडकतो: कोड दिला, पैसे आले, आणि काही आठवड्यांनी मूळ कार्डधारकानं तक्रार केल्यावर बँकेनं ते पैसे परत ओढले. कोड तोवर संपलेला. तिसरी गोष्ट बनावट बोलीची. विक्रेत्याचाच माणूस दुसऱ्या नावानं भाव चढवत राहतो. नवं खातं, एकाच विक्रेत्याच्या लिलावांत बोली, आणि शेवटच्या घटकेला नेहमी गायब, असा बोलीदार दिसला तर तिथून निघावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात तर बोलीदारांची नावं तपासायची सोयच नसते.

बोलीगणिक पैसे घेणाऱ्या लिलावांबद्दल थोडक्यात पण कडक सांगतो. जर्मनीत २००५ साली सुरू झालेल्या, पुढं स्वूपो नावानं चाललेल्या कंपनीनं हा प्रकार गाजवला. तिथं प्रत्येक बोलीचे साधारण ६० सेंट आधी भरावे लागत, आणि प्रत्येक बोलीनं वस्तूचा भाव अनेकदा फक्त १ सेंट वाढे. ५० डॉलरचं कार्ड ९ डॉलरला 'गेलं' असं समजा. ९ डॉलर म्हणजे ९०० बोली, आणि ९०० बोली म्हणजे ५४० डॉलर कंपनीच्या गल्ल्यात, वर ते ९ वेगळे. जिंकणाऱ्यानं स्वतः १२० बोली टाकल्या असतील तर त्याचे ७२ डॉलर बोलीत आणि ९ कार्डाचे, मिळून ८१. म्हणजे 'जिंकलेला'सुद्धा ३१ डॉलरनी बुडाला. बाकीच्यांच्या हाती तर काहीच नाही. आधी घातलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी घालत राहतो. नेड ऑगनब्लिक यांनी या लिलावांची आकडेवारी तपासली तेव्हा कंपनीला वस्तूंच्या किमतीच्या दीडपटीहून अधिक मिळकत होत असल्याचं दिसलं. स्वूपो २०११ मध्ये बंद पडली, पण तिची तऱ्हा नाव बदलून फिरत राहते. 'सगळ्यांत कमी आणि एकमेव बोली जिंकेल' हा त्याचाच भाऊबंद. तिथं भाव ठरत नाही, सोडत निघते. बोली लावायला पैसे लागत असतील तर त्याला लिलाव समजूच नका.

ज्यांना तरीही बोलीत उतरायचंय, त्यांच्यासाठी. तो १,७०८ सारखा आकडा आधी कागदावर लिहा, मोबाइलवर नको, कारण मोबाइलवर तो दोन सेकंदांत खोडता येतो. शेजारच्या खिडकीत तेच कार्ड थेट कितीला मिळतंय ते उघडं ठेवा. यंत्र आपोआप बोली वाढवत असेल तर आपली कमाल रक्कम एकदाच भरा आणि बाहेर पडा. इथं लोकांना भीती वाटते, की कमाल रक्कम भरली तर तेवढेच पैसे जातील. तसं होत नाही. वरच्या उदाहरणात राजारामपुरीच्या माणसानं पहिल्यांदाच १,७०८ भरले असते आणि इचलकरंजीचा आपल्या १,६०० वर राहिला असता, तर कार्ड १,६२५ ला मिळालं असतं. शुल्क आणि टपालासकट १,७१७ रुपये ५० पैसे. विल्यम विक्री यांनी १९६१ साली हेच दाखवून दिलं होतं, की जिंकणाऱ्यानं दुसऱ्या क्रमांकाची रक्कम द्यायची असेल तर आपली खरी किंमत सांगून टाकण्यातच शहाणपण आहे. त्यांना पुढं १९९६ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोल आकडा टाळा. १,७०० वर अनेकजण थांबतात, १,७०८ तिथं उपयोगी पडतो. एकाच वेळी दोन लिलावांत त्याच कार्डावर बोली ठेवू नका, दोन्ही गळ्यात पडतात. बोली संपायच्या दहा मिनिटांत सूचना बंद ठेवा. गेलं तर जाऊ द्या. कार्ड उद्याही छापलं जाणार आहे.

कार्ड हातात आल्यावर शिल्लक तपासायची ती ब्रँडच्या स्वतःच्या अ‍ॅपवर, किंवा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावर. विक्रेत्यानं पाठवलेल्या 'शिल्लक बघा' या लिंकवर कार्ड क्रमांक आणि पिन टाकला की कोड त्याच्याकडं गेला. प्लास्टिकचं कार्ड असेल तर पिनवरचा खरवडायचा पट्टा नीट बघा. वर नवीन चिकटपट्टी असेल, कडेला डिंक दिसत असेल, तर पिन कोणीतरी आधीच वाचलेला आहे. शिल्लक बरोबर दिसली तर कोड त्याच वेळी आपल्या खात्यात भरून टाका. 'भाऊबीजेला पाठवीन' म्हणून तसाच ठेवला आणि मधल्या आठ दिवसांत विक्रेत्यानं तोच कोड स्वतः वापरला, तर दाद मागायला पुरावा उरत नाही. भेट द्यायचीच असेल तर कार्ड लिलावातून घेऊच नये. कंपनीकडून थेट घ्यावं, म्हणजे पावती आपल्या नावावर असते आणि भाच्याकडं कोड चालला नाही तर ताईसमोर मान खाली घालायची वेळ येत नाही.

फसगत झाली तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे पुढं सरकायच्या आत थांबवता येतील का, हे पहिल्या काही तासांवर ठरतं. व्यवहार क्रमांक, विक्रेत्याचा यूपीआय आयडी, कोडचा फोटो आणि गप्पांचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. प्रश्न दुकानाच्या किंवा संकेतस्थळाच्या सेवेचा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि वीजबिल, दंड, कस्टम, अटक असलं काही सांगून कोणी गिफ्ट कार्डाचा कोड मागितला, तर तो हमखास ठग. कुठलंही सरकारी कार्यालय कोडमध्ये पैसे घेत नाही.

शेवटी एक मागणी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळांवरच्या फसव्या मांडणीबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत १३ प्रकार सांगितलेत. खोटी घाई करणं आणि खर्च टप्प्याटप्प्यानं उघड करणं हे दोन्ही त्यांत आहेत. गिफ्ट कार्डाच्या बोलीत या दोन्हींचा सर्रास वापर होऊ शकतो, म्हणून इथं एक साधी सक्ती हवी. बोलीच्या बटणाच्या अगदी शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, दोन आकडे दिसले पाहिजेत: कार्डाची छापील किंमत, आणि ही बोली जिंकल्यास टपाल-शुल्कासह एकूण द्यावी लागणारी रक्कम. दुसरा आकडा पहिल्याच्या वर गेला की त्याचा रंग बदलावा आणि बटण दाबल्यावर एकदा विचारलं जावं, 'हे कार्ड २,००० रुपयांचं आहे. तुम्ही २,२०२ रुपये देणार आहात. पुढं जायचं?' आपल्या शहरातल्या ग्राहक संघटनांनी आणि वाणिज्य महाविद्यालयांनी ही मागणी प्राधिकरणाकडं लेखी पाठवावी, आणि आपल्या दैनिकानं ती लावून धरावी, अशी विनंती.

कळावे,

आपला,
एक वाचक,
शाहूपुरी, कोल्हापूर